मोन्तेखोच्या वाड्याची कीर्द-खतावणी

कारकून परदेशी जाऊन बघणार काय? मेक्सिकोतल्या मेरिदा शहरात आम्ही मोन्तेखोचा वाडा बघायला गेलो, तर आत बँक! जीव भांड्यात पडला म्हणा ना!

मग वर पाहिलं. दर्शनी भिंतीवर दोन चिलखती स्पॅनिश शिपाई, अन् त्यांच्या पायांखाली हरलेल्यांची मुंडकी, तोंडं वासलेली. काम अव्वल, वाद नाही. पण शिपाई बघावेत तर शनिवारी पाच वाजता काउंटरवर बसलेल्या कॅशियरसारखे निर्विकार. शिल्पकाराने जीव ओतलाय तो खालच्या मुंडक्यांत! जिंकणाऱ्याने पैसे मोजले, कला मात्र हरणाऱ्याच्या पदरात पडली.

1542 साली स्पॅनिशांनी हे शहर वसवलं तेच मुळी माया लोकांच्या तिहो नगरीवर. चौकातलं कॅथीड्रल 1598 साली पुरं झालं, तेही माया मंदिरांच्या दगडांतून. बी.कॉम.ला शिकलो होतो, जमेच्या प्रत्येक रकमेला नावेची बाजू असतेच. इथे जमा चौकभर मिरवतेय आणि नावे पायाखाली.

खातं मात्र बंद झालेलं नाही. बाहेर पडलो, तर दोन बायका फुटपाथवर मनसोक्त भांडत होत्या. कुठल्या भाषेत? माया!