‘जेरी मॅग्वायर’ : करारातील आकडा आणि माणूस

कॅमेरॉन क्रो यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘जेरी मॅग्वायर’ हा चित्रपट १९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याला आता जवळजवळ एक पिढी लोटली. तथापि खेळाडू आणि पैसा यांविषयी बोलणे निघाले की अद्याप त्याचाच दाखला दिला जातो. आमच्या गोमंतकातील फुटबॉलवेडी तरुण मंडळीही आपापल्या क्लबच्या करारांची उखाळीपाखाळी काढताना त्याचे नाव घेतात. चित्रपटाच्या हृदयस्पर्शी गुणांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते गुण आम्हांसही मान्य आहेत. येथे मात्र त्याची पारख निराळ्या बाजूने करावयाची आहे. ज्या करारावर ही सारी कथा उभी आहे तो करार तिच्या कर्त्याला उमगला आहे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. आणि ही उणीव केवळ या एका चित्रपटाची नसून खेळाच्या सर्वसाधारण रसिकाचीही आहे, म्हणूनच तिची चर्चा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक खुलासा. येथील फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांत पायांनी खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबोडका चेंडू हातांत घेऊन, अंगावर चिलखतासारखा सरंजाम चढवून, एकमेकांवर आदळत खेळावयाचा तो अमेरिकन खेळ होय. त्यात खेळाडूची कारकीर्द अल्प असते आणि दुखापत ही नित्याचीच बाब असते. हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील हिशेबाचे मर्म कळावयाचे नाही.

जेरी हा खेळाडूंच्या वतीने करार ठरविणारा मध्यस्थ. एका रात्री त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होते; थोडेच ग्राहक घ्यावे, थोडाच पैसा मिळवावा, पण माणसाची काळजी घ्यावी, असे एक निवेदन तो लिहून सर्वांना वाटतो आणि त्यापायी नोकरीला मुकतो. हाताशी उरतो तो ॲरिझोना कार्डिनल्स संघातील रॉड टिडवेल हा चेंडू झेलणारा, चणीने लहान, जिभेने तिखट खेळाडू. आणि काही काळ, फ्रँक कुशमन हा होतकरू, ज्याच्यावर साऱ्या संघांचा डोळा आहे. कुशमनचा बाप जेरीशी हस्तांदोलन करतो आणि आपला शब्द म्हणजे कागदाहून बळकट अशी ग्वाही देतो. पुढे तोच बाप दुसऱ्या मध्यस्थाच्या कागदावर सही करून मोकळा होतो.

हा प्रसंग आमच्या वाचकांना परका वाटू नये. जत्रेतील नाटकाला नट ठरविताना, उत्सवाला कीर्तनकार बोलाविताना आपल्याकडे सुपारी देण्याची चाल आहे. सुपारी घेतली म्हणजे शब्द गुंतला. बिदागीचा आकडा पुष्कळदा मागाहून ठरे, क्वचित ठरतही नसे. देवस्थानच्या महाजनांसमोर दिलेला शब्द मोडणारा कलावंत पुढल्या वर्षी गावात तोंड दाखवू शकत नसे, म्हणूनच तो शब्द टिके. सुपारीच्या पाठीशी सारा गाव उभा असतो. कुशमनच्या बापाच्या शब्दापाठीशी कोणी नव्हते. चित्रपटकर्ता या प्रसंगाकडे एका माणसाची लबाडी म्हणून पाहतो. आम्हांस तो एका व्यवस्थेचा दोष वाटतो. ज्या बाजारात शब्दाला साक्षीदार नाही तेथे शब्दावर विसंबणारा जेरीच अधिक दोषी, असे आम्ही म्हणू.

रेजिना किंग यांनी उभी केलेली मार्सी, म्हणजे टिडवेलची पत्नी, ही या चित्रपटातील सर्वांत शहाणी व्यक्ती होय. संघाकडून तीन वर्षांचा, एकूण १७ लाख डॉलरचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यातील उपमर्द तिला तत्काळ कळतो. नवऱ्याचे शरीर हेच घरचे भांडवल, आणि ते किती वर्षे चालेल याचा भरवसा नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिचे बोलणे कर्कश आहे, पण त्यात एकही शब्द खोटा नाही. याउलट नायिका डोरोथी व्यवसायाने हिशेबनीस असूनही तिचे हिशेबज्ञान चित्रपटाने जवळजवळ वापरलेच नाही. तिला प्रेमापुरते राखून ठेवले आहे. आमच्या मते ही मोठी संधी दवडली गेली.

आता शेवटाकडे येऊ. टिडवेल तो प्रस्ताव नाकारून, दुखापतीचा धोका पत्करून हंगाम खेळतो. एका निर्णायक सामन्यात चेंडू झेलताना तो निपचित पडतो. प्रेक्षागार श्वास रोखून धरते. मग तो उठतो आणि नाचतो. त्यानंतर दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्याला अकस्मात् कळविले जाते की ॲरिझोना संघाने त्याला चार वर्षांसाठी १ कोटी १२ लाख डॉलर देऊ केले आहेत. तो रडतो. प्रेक्षकही रडतात. क्यूबा गुडिंग (कनिष्ठ) यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले.

परंतु डोळे पुसून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारावा: या १ कोटी १२ लाखांपैकी हमीचे किती?

अमेरिकन फुटबॉलच्या करारात वर्षांचा आणि रकमेचा जो आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो तो सामान्यतः पूर्ण हमीचा नसतो. खेळाडूचा खेळ संघाच्या पसंतीस उतरेनासा झाला की संघ त्याला मुक्त करू शकतो आणि पुढील वर्षांचा बिनहमीचा पगार त्याच क्षणी नाहीसा होतो. निश्चित मिळते ते मुख्यतः सही करतेवेळी दिले जाणारे बक्षीस. समजा, टिडवेलला सहीचे ३२ लाख मिळाले आणि उरलेले ८० लाख चार वर्षांत दरसाल २० लाख या प्रमाणे वाटले गेले. दुसऱ्या वर्षाअखेर गुडघा कुरकुरू लागला व संघाने निरोप दिला, तर त्याच्या घरी ७२ लाख येतील. उरलेले ४० लाख कधीच येणार नाहीत. ७२ लाख डॉलर ही काही थोडकी रक्कम नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्या आकड्यावर चित्रपटाने आपले सारे अश्रू उभे केले तो आकडा नव्हता, असेच शेवटी म्हणावे लागते. मार्सीने हा प्रश्न विचारल्यावाचून सोडला नसता. चित्रपटाने तिला विचारू दिला नाही.

दुसरी गोष्ट पगारमर्यादेची. दीर्घ न्यायालयीन लढ्यांनंतर १९९३ साली संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो समझोता झाला त्यात खेळाडूंना कराराची मुदत संपल्यावर मनाजोगत्या संघात जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याच्या बदल्यात १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आली. ही मर्यादा केवळ मालकांनी लादलेली बेडी नव्हे. लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंच्या वाट्याशी ती निगडित आहे. पहिल्या वर्षी ती सुमारे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली २७ कोटी ९२ लाखांवर गेली. चित्रपटाच्या वर्षी, १९९६ साली, ती ४ कोटी ७ लाखांच्या घरात होती. टिडवेलचा वार्षिक वाटा २८ लाख धरला तर तो या मर्यादेच्या शेकडा सात भरतो. पन्नासाहून अधिक माणसांच्या संघात एकाने शेकडा सात घेतले, तर ते कोणाच्या तरी पानातून आले हे उघड आहे. त्याच संघातील कोणी प्रौढ, मध्यम प्रतीचा खेळाडू त्या उन्हाळ्यात घरी गेला असणार. त्याला चित्रपटात स्थान नाही. नायकाच्या भाग्योदयात दुसऱ्याचे विस्थापन दडलेले असते हे दाखविण्याइतके धैर्य कथेत असते, तर ही कृती पहिल्या प्रतीची झाली असती.

शब्द आणि कागद यांच्याविषयी चित्रपटाचा कल शब्दाकडे आहे. हृदय एका बाजूला, हिशेबवही दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी. वास्तवात मात्र या मर्यादेच्या राज्यात कागदाबाहेर दिलेला शब्द हाच अपराध ठरतो. सॅन फ्रान्सिस्को संघाने नव्वदीच्या दशकात खेळाडूंशी गुप्त समझोते करून मर्यादेला बगल दिली, असे ठरून २००० साली त्याच्या दोन माजी अधिकाऱ्यांना दंड झाला आणि संघाला नवे खेळाडू निवडण्याचे काही हक्क गमवावे लागले. ‘यंदा थोडे कमी घे, पुढे पाहून घेऊ,’ असे गोड बोलणे कितीही मायेचे वाटले, तरी त्यातून प्रतिस्पर्धी संघाची फसवणूक होते आणि खेळाडूच्या हाती पुरावा राहत नाही. मायेचा माणूस व्हावयाचे असेल तर मध्यस्थाने कागदावरील हमीचा रकाना वाढवून घ्यावा. जेरीच्या त्या रात्रीच्या निवेदनात हे एवढे एक कलम असते तर बरे झाले असते.

येथवर चित्रपटकर्त्याची झडती झाली; आता रसिकाची. अमेरिकेतील या खेळाचा आजचा चाहता आपल्या संघाचा पगारताळेबंद एखाद्या मुनिमाप्रमाणे पाठ म्हणतो. त्याच्या तोंडी ‘मृत पैसा’ असा एक शब्दप्रयोग असतो. सहीच्या बक्षिसाची रक्कम संघाच्या वहीत कराराच्या वर्षांवर (हल्ली जास्तीत जास्त पाच) सारखी पसरून मांडतात. खेळाडूला मध्येच काढला की उरलेला भाग वहीत अंगावर येतो, आणि मैदानात नसलेल्या माणसापायी मर्यादेतील जागा अडते. तो मृत पैसा. वर कल्पिलेल्या टिडवेलच्या हिशेबात तो १६ लाख होईल. डेन्व्हर संघाने रसेल विल्सन याच्याशी २०२२ साली नवा करार केला आणि २०२४ साली त्याला निरोप दिला, तेव्हा हा बोजा साडेआठ कोटी डॉलर झाला व दोन वर्षांत विभागावा लागला. चाहत्यांनी त्यावर केलेला आक्रोश सर्वश्रुत आहे.

या शब्दप्रयोगाकडे जरा बारकाईने पाहावे. संघाच्या वहीत जो पैसा मृत, तोच खेळाडूच्या घरी पोचलेला एकमेव जिवंत पैसा होय. करारातील जे खरोखर मेले, म्हणजे कधीच न मिळणारे पुढील वर्षांचे पगार, त्यांना चाहता ‘बचत’ म्हणतो! भाषा मालकाच्या पेढीवरून आली आणि गल्लीतल्या माणसाने ती आपली म्हणून उचलली. ज्याला स्वतःच्या नोकरीत एका महिन्याच्या नोटिशीचा आधार लागतो तो खेळाडूला बिनानोटिशीने काढल्याबद्दल व्यवस्थापकाची पाठ थोपटतो. आपला संघ जिंकावा ही इच्छा अगदी रास्त आहे. परंतु त्या इच्छेपायी माणूस इतका हिशेबी होतो की नायकाच्या अश्रूंनी रडतो आणि सहनायकाच्या मुक्ततेवर टाळी देतो. पूर्ण हमीचे करार झालेच नाहीत असे नव्हे. कर्क कझिन्स याला मिनेसोटाने २०१८ साली तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख, आणि डेशॉन वॉटसन याला क्लीव्हलँडने २०२२ साली पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले. दोघेही चेंडूफेकीचे सूत्रधार. हमी मिळते ती ज्याचे मोल अधिक त्याला. ज्याची हाडे अधिक मोडतात त्याला ती मिळेलच असे नाही.

आमच्या भूमीचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. गोव्याच्या फुटबॉलचा संसार पुष्कळ वर्षे उद्योगपतींच्या घराण्यांनी चालविला. धेंपो क्लबने राष्ट्रीय पातळीवरील लीग पाच वेळा जिंकली. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले आणि व्यावसायिक करारांचा ओघ इंडियन सुपर लीगकडे वळला. त्या लीगनेही संघांच्या पगारखर्चाला मर्यादा घातली, आणि आपल्याकडील चाहतेही मर्यादेचे हिशेब मांडू लागले. मग २०२५ च्या उन्हाळ्यात, महासंघ आणि लीगचे चालक यांच्यातील कराराच्या नूतनीकरणाचा पेच सुटेना म्हणून हंगामच अधांतरी राहिला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. करार लिखित होते, वर्षे मोजलेली होती, कमाल खर्चाची ओळही आखलेली होती. सामनेच झाले नाहीत तर खेळाडूच्या घरी किमान किती पोचेल, याचे उत्तर मात्र कोणापाशी तयार नव्हते. त्या दिवसांत आमच्या मंडळींची चर्चा मुख्यतः एकाच गोष्टीची होती : कोणता खेळाडू आता स्वस्तात मिळेल.