पेटीतले शीर : ‘डेडवूड’ दुसऱ्यांदा पाहताना

जेन हे नाव माझ्या लक्षात राहिले नव्हते, ही कबुली आधीच देऊन टाकतो. ‘डेडवूड’ ही अमेरिकन दूरदर्शन मालिका मी प्रथम पाहिली त्याला बरीच वर्षे झाली. पुतण्याने डीव्हीडींचा संच आणून दिला होता. त्यानंतर कितीतरी मित्रांना मी ती रंगवून सांगितली. स्वेअरिंजन कसा बोलतो, बुलकचे कपाळ कसे तापते, डॉक्टर कॉक्रन गुडघे टेकून देवालाच कसा जाब विचारतो, हे सारे मी सांगत असे. आणि शेवट सांगताना म्हणत असे, “मग ट्रिक्सीला वाचवण्यासाठी तो दुसऱ्या एका मुलीला मारतो.” दुसऱ्या एका मुलीला! साहित्यात आमचा माणूस ‘एक महार’, ‘एक बाई’ म्हणूनच का येतो आणि तसाच का जातो, असे ज्याने आयुष्यभर प्रस्थापित लेखकांना विचारले, त्याच्याच तोंडी हे वाक्य होते. आता मालिका पुन्हा पाहिल्यावर ते मला टोचू लागले. हा लेख त्या टोचणीतून आला आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी हकिकत. २००४ ते २००६ या काळात एचबीओ या वाहिनीने ती तीन पर्वांत दाखवली. प्रत्येक पर्वात बारा, असे एकूण छत्तीस भाग. कर्ता डेव्हिड मिल्च. त्याला मुळात नीरोच्या काळातील रोम शहराच्या शिपायांवर मालिका लिहायची होती. कायदा नसलेल्या जागी व्यवस्था कशी उभी राहते, हा त्याचा प्रश्न होता. पण रोमवरची एक मालिका वाहिनीकडे आधीच होती, म्हणून तोच प्रश्न घेऊन तो १८७६ सालच्या ब्लॅक हिल्समधील सोन्याच्या छावणीत गेला. तिसऱ्या पर्वानंतर पैशाच्या हिशेबात मालिका बंद पडली. सहा भागांचे छोटे पर्व देऊ केले, ते मिल्चने नाकारले. दोन चित्रपट काढू असे सांगितले गेले, ते निघाले नाहीत. अखेर २०१९ साली एकच चित्रपट आला. त्याच वर्षी मिल्चने आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार जडल्याचे जाहीर केले. स्मृती हातातून सुटत असताना या माणसाने आपल्या पात्रांकडे परत जाऊन त्यांचे उरलेले लिहिले, ही गोष्ट कोणाही लेखकाला हलवील अशीच आहे.

मालिकेविषयी जे बोलले गेले त्यातले बरेचसे तिच्या भाषेविषयी होते. हा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. तेथील पात्रे शिव्यांशिवाय श्वास घेत नाहीत. त्या शिव्या त्या काळात तशा वापरातच नव्हत्या, असा अभ्यासकांचा आक्षेप. मिल्चचे म्हणणे असे की, त्या काळच्या खऱ्या शिव्या देवाधर्माच्या होत्या. आजच्या कानाला त्या पोरकट वाटल्या असत्या. म्हणून भाषेचा घाव कायम राखण्यासाठी शब्द बदलावे लागले. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या शब्दांवरून मराठीत जो गहजब झाला तो आठवणाऱ्यांना हे युक्तिवाद नवे वाटणार नाहीत. पण मला येथे एक फरक दिसतो. ‘गोलपिठ्या’त ती भाषा त्या वस्तीत जगणाऱ्याची होती. ‘डेडवूड’मध्ये सर्वांत समृद्ध भाषा मिळाली आहे ती कुंटणखान्याच्या मालकाला. ॲल स्वेअरिंजनच्या वाक्यात बायबलचा डौल आणि गटाराचा वास एकत्र येतो. इयन मॅकशेनने ती भूमिका अशी केली आहे की, मुलींच्या मानेवर पाय देणारा हा माणूस आपल्याला हळूहळू आवडू लागतो. स्वतः तो शिकागोतल्या अनाथालयात टाकलेले पोर आणि त्याच अनाथालयातून तो मुली विकत आणतो. हे सांगतानाचे त्याचे स्वगत मी पुन्हा पुन्हा पाहिले. शोषित माणूस शोषक कसा बनतो याचे इतके निर्दय चित्रण मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. मिल्चचे मोठेपण येथे मान्य केलेच पाहिजे.

त्याने खालच्या माणसांकडे पाठ फिरवली असेही म्हणता येत नाही. छावणीचा केर काढणारी ज्युएल पाय ओढत चालते, आणि ही भूमिका करणारी जेरी ज्युएल स्वतः मेंदूच्या पक्षाघातासह जन्मलेली आहे. डॉक्टरने बनवून दिलेला आधार पायाला लावून ज्युएल नाचते तेव्हा दयेचा लवलेशही नसतो. चिनी गल्लीतला वू इंग्रजीच्या नावाने एक शिवी आणि स्वेअरिंजनचे मोडके नाव एवढेच जाणतो. बाकी तो कागदावर चित्रे काढून बोलतो, आणि तरीही सौदा बरोबरीने करतो. त्याच गल्लीत पिंजऱ्यात घालून आणलेल्या चिनी बायका मरतात आणि त्यांची प्रेते जाळली जातात. मालिका ते दाखवते आणि पुढे सरकते. हर्स्टची स्वयंपाकीण आंट लू मालकासमोर एका आवाजात बोलते आणि चिनी गल्लीत सोंगट्या खेळताना दुसऱ्या आवाजात. मालकासमोरचा आवाज आणि आपल्या माणसांतला आवाज यांतले अंतर आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. तिचा मुलगा सोन्याची गोष्ट घेऊन हर्स्टकडे येतो आणि जिवंत परत जात नाही. तिला ते कळते. उद्याचा स्वयंपाक मात्र तिलाच करायचा असतो.

सर्वांत जास्त मी थांबलो ते दोन काळ्या माणसांपाशी. सॅम्युएल फील्ड्सला छावणीत ‘निगर जनरल’ म्हणतात. दिलेली शिवी त्याने पदवीसारखी अंगावर घातली आहे. तोंडाने बडबड्या, मनाने सावध. स्टीव्ह नावाचा गोरा दारूडा जमाव गोळा करून त्याच्या अंगावर तापलेले डांबर ओततो, तेव्हा बुलक मध्ये पडतो म्हणून तो वाचतो. त्याचा मित्र हॉस्टेटलर अगदी उलट स्वभावाचा. तो घोड्यांचा तबेला चालवतो, हिशेब चोख ठेवतो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्यांच्या हातून सुटलेल्या घोड्याच्या टापांखाली बुलकच्या घरातला मुलगा मरतो. दोघे पळतात, पण तोच घोडा घेऊन परतही येतात. हे परत येणे पाहा. शिक्षा होईल हे ठाऊक असून माणूस परत येतो, कारण त्याला आपला शब्द खरा करायचा असतो. इकडे तबेल्यात स्टीव्ह ठाण मांडून बसलेला. तबेला विकण्याची बोलणी होतात. स्टीव्हची एक लाजिरवाणी कबुली ज्या पाटीवर लिहून घेतलेली असते त्या पाटीवरून वाद पेटतो. स्टीव्ह त्याला खोटारडा ठरवू पाहतो, बुलकचा धीर सुटतो, आणि हॉस्टेटलर आत जाऊन स्वतःला गोळी घालतो.

पहिल्यांदा पाहताना मला हे अतिरंजित वाटले होते. एका पाटीसाठी? आता वाटत नाही. ज्याच्यापाशी जमीन नाही, कूळ नाही, साक्षीला उभा राहील असा शेजारी नाही, त्याच्यापाशी शब्द तेवढा असतो. तोच एका दारूड्याच्या शब्दाहून हलका ठरला तर पुढे जगायचे कशाच्या बळावर? बुलक येथे दुष्ट नाही. तो न्याय करायलाच आलेला आहे. पण त्याच्या लेखी ही दोन भांडखोरांची कटकट आहे. न्यायाधीश चांगला असूनही न्याय होत नाही, तो असा. आणि नंतर त्याच स्टीव्हला घोड्याची लाथ डोक्यात बसून तो मांसाचा गोळा होऊन पडतो, तेव्हा त्याला सांभाळायला उरतो कोण? फील्ड्स! यावर मालिका भाष्य करत नाही, हे तिचे शहाणपण.

मग मालिकेचे कोठे चुकते? माझ्या मते, पेटीपाशी.

पहिल्या पर्वात एक माणूस बक्षिसाच्या आशेने कापलेले इंडियन शीर घेऊन छावणीत येतो. ते शीर स्वेअरिंजनकडे राहते. पुढे पेटीतल्या त्या शिराला ‘चीफ’ म्हणत तो त्याच्याशी मनातले बोलत बसतो. मालिकेतली काही सर्वोत्तम स्वगते अशी त्या पेटीपुढे झाली आहेत. ब्लॅक हिल्स, लाकोटांच्या भाषेत पहा सापा, १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने त्यांची होती. १८७४ साली कस्टरची मोहीम तेथे गेली, सोन्याची बातमी फुटली, आणि १८७६ ची ही सारी छावणीच बेकायदा होती. १८७७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून तो मुलूख काढून घेतला. छावणीतले राजकारण दोन पर्वे कशाभोवती फिरते? आपण चोरलेल्या जमिनीचे हक्क सरकार कायम करील की नाही, या चिंतेभोवती! कोणाला लाच द्यायची, किती द्यायची, हे आपण श्वास रोखून ऐकतो. ज्यांची जमीन, त्यांचा प्रतिनिधी तेवढा पेटीत असतो. जिवंत लाकोटा आपल्याला ठळकपणे भेटतो तो एकदाच, बुलकशी झुंजताना. आणि बुलक दगडाने त्याचे डोके ठेचतो. त्याच्या वाट्याला आपल्याला कळेल असे एक वाक्यही नाही.

मिल्चच्या बाजूने असे म्हणता येईल की, छावणीतल्या लोकांच्या जाणिवेतच लाकोटा नव्हते. भीती आणि इनाम एवढ्याच रूपात होते. लेखकाने ती आंधळी जाणीव जशीच्या तशी दाखवली. शिवाय पेटी ठेवली, म्हणजे त्याला ठाऊक होते. हे मला पटते, पण पुरत नाही. कारण पेटी ठेवून लेखकाने केले काय? मारेकऱ्याला एक श्रोता मिळवून दिला. ज्याला मारले त्याचे कान वापरले, जीभ वापरली नाही. ज्या लेखकाने वूच्या दोन शब्दांतून संपूर्ण माणूस उभा केला, त्याला हे जमले नसते असे मी मानणार नाही. याच जमिनीचा खटला १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लाकोटांच्या बाजूने लागला. दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर झाली. ती त्यांनी उचलली नाही, कारण त्यांना पैसा नको आहे, डोंगर हवे आहेत. ज्यांच्यापाशी असा नकार आहे त्यांच्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते काय?

आता जेन. जॉर्ज हर्स्ट, पुढे सिनेटर झालेला आणि होमस्टेक खाणीचा खराखुरा मालक, तिसऱ्या पर्वात छावणी गिळायला येतो. संघटना करणारे कॉर्निश खाणमजूर मारले जातात. गावातली मोठी माणसे सभा भरवतात आणि उत्तर म्हणून मेलेल्या मजुराच्या घरच्यांना बुलकने लिहिलेले सांत्वनपत्र वर्तमानपत्रात छापतात. मग एल्सवर्थचा खून होतो. ट्रिक्सी हर्स्टवर गोळी झाडते. हर्स्टला तिचा जीव हवा. स्वेअरिंजनचा ट्रिक्सीवर जीव, म्हणून तिच्यासारखी दिसणारी जेन निवडली जाते. जॉनीचे जेनवर मन आहे. तो अडवू पाहतो, त्याला बाजूला करतात. हर्स्ट प्रेत बघतो, समाधान मानतो, निघून जातो. छावणी वाचते. शेवटच्या दृश्यात स्वेअरिंजन गुडघ्यांवर बसून फरशीवरचे रक्त घासतो आहे. जॉनी दाराशी येऊन विचारतो, तिला त्रास झाला का? स्वेअरिंजन त्याला समजुतीचे काहीतरी सांगतो, आणि तो गेल्यावर पुटपुटतो की, याला काहीतरी गोड ऐकायचे आहे.

मालिका बंद पडली म्हणून हाच शेवट ठरला. पुढचे पर्व आले असते तर हे दृश्य एक टप्पा राहिले असते. व्यापाऱ्यांच्या निर्णयाने एका लेखकाचे काम मध्येच तोडले याचा संताप मलाही आहे. पण त्या तुटीमुळे मालिका जेथे थांबली त्याहून खरी जागा तिला सापडली नसती असे मला वाटते. गाव वाचले, कारण एका मुलीचा गळा कापला. पुढे काही घडून ते रक्त झाकले गेले नाही.

२०१९ च्या चित्रपटाने ते थोडेसे झाकले. १८८९ साल आहे, साउथ डकोटा राज्य झाले आहे, गावात टेलिफोनच्या तारा येत आहेत. ट्रिक्सीला मूल होते, सोल स्टारशी तिचे लग्न लागते, तिला पाहून हर्स्टला फसवणूक कळते. चार्ली अटर मारला जातो. फील्ड्स त्या खुनाचा साक्षीदार, म्हणून पुन्हा त्याच्याच मागे जमाव. पूर्वी डांबर होते, आता दोर. बुलक हर्स्टला फरफटत नेतो तेव्हा आपण टाळी वाजवतो. मीही वाजवली. आजारी स्वेअरिंजनच्या उशाशी ट्रिक्सी बसते तेव्हा डोळे भरून आले. मोठ्या माणसांचे हिशेब मोठ्या माणसांनी पुरे केले. जेनचा हिशेब कोणाकडे मागायचा हे मात्र चित्रपटालाही सुचले नाही.

पुतण्या परवा आला होता. “दुसऱ्यांदा कशी वाटली, काका?” असे त्याने विचारले. मी त्याला जेनविषयी सांगू लागलो. तो जरा थांबून म्हणाला, “जेन म्हणजे कोण?”