‘एकात्मिक’ या पदाचा अर्थ : नवापूरच्या सीमेवरून वस्तू व सेवा कराची चिकित्सा

कायद्यातील पदे आणि त्या कायद्याच्या पुरस्कारार्थ रूढ झालेले घोषवाक्य यांच्या अर्थांत पुष्कळदा अंतर असते. १ जुलै २०१७ रोजी भारतात अमलात आलेल्या वस्तू व सेवा कराच्या बाबतीत हे अंतर विशेष विचारणीय आहे. ‘एक राष्ट्र, एक कर’ हे त्याचे घोषवाक्य. परंतु कायद्यात हा कर केंद्रीय, राज्य आणि एकात्मिक अशा तीन विशेषणांनी येतो. राज्यांतर्गत व्यवहारावर पहिले दोन कर एकत्र बसतात. दोन राज्यांमधील व्यवहारावर तिसरा बसतो. म्हणजे राज्याची सीमा जेथे ओलांडली जाते, नेमके तेथेच ‘एकात्मिक’ हे विशेषण योजिले जाते. या विसंगतीचा उलगडा कोश पाहून होणार नाही. त्यासाठी सीमेवरचा व्यवहार पाहिला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे त्या दृष्टीने उत्तम उदाहरण होय. तेथील रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे. स्थानकापलीकडे तापी जिल्ह्यातील उच्छल तालुका लागतो. मावची बोली सीमेच्या दोन्ही अंगांस बोलली जाते. सोयरीक आणि बाजारहाट यांनीही ही रेषा कधी मानलेली नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले त्या दिवशी तर करकायदाही दोहोंकडे एकच होता. त्याच वर्षाच्या प्रारंभी अमलात आलेला १९५९ चा मुंबई विक्रीकर अधिनियम दोन्ही राज्यांकडे वारशाने आला. पुढे गुजरातने १९६९ मध्ये स्वतःचा अधिनियम केला. मूल्यवर्धित कर महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून, तर गुजरातेत १ एप्रिल २००६ पासून आला. तेव्हा २०१७ च्या एकीकरणाने नवापूरला अपूर्व असे काही दिले, असे म्हणता येत नाही. जे ऐक्य एकदा होते आणि दोन विधिमंडळांच्या स्वतंत्र अधिकारामुळे ओसरले, ते निराळ्या मार्गाने परत आणण्याचा हा प्रयत्न होता.

या प्रयत्नाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. पथारीवर वाळलेली मिरची पूर्वी परराज्यात विकली गेली म्हणजे तीवर १९५६ च्या अधिनियमाखालील केंद्रीय विक्रीकर लागे. तो कर माल पाठविणाऱ्या राज्याकडे राही आणि पुढील खरेदीदाराला त्याची वजावट मिळत नसे. आता नंदुरबारचा नोंदणीकृत व्यापारी सुकी मिरची सुरतेस पाठवितो, तेव्हा तीवर पाच टक्के एकात्मिक कर लागतो, सुरतेच्या व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते आणि राज्याचा वाटा जेथे मालाचा उपभोग होतो त्या राज्याकडे जातो. करावर कर चढण्याचा जुना दोष येथे दूर झाला आहे. ‘एकात्मिक’ या पदाचा खरा अर्थ हाच : वजावटीची साखळी सीमेवर न तुटणे.

परंतु साखळी अखंड राहिली म्हणून सीमा नाहीशी झाली, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. सीमा रस्त्यावरून उठून बिलावर आली, एवढेच. महाराष्ट्रात २०१८ पासून राज्यांतर्गत वाहतुकीस ई-वे बिल एक लाख रुपयांवरील मालाला लागते. सीमा ओलांडताच ती मर्यादा पन्नास हजारांवर येते. १ ऑक्टोबर २०२३ पासूनचा नियम तर अधिक बोलका आहे. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला माल विकला असता बिलावर नोंदलेला त्याचा पत्ता हेच ‘पुरवठ्याचे ठिकाण’ ठरते. पत्ता नसेल तर विक्रेत्याचे ठिकाण धरतात, आणि पत्ता म्हणून केवळ राज्याचे नाव लिहिले तरी पुरते. नवापूरच्या दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाच्या बिलावर ‘गुजरात’ हा एक शब्द लिहिला गेला की कराचे नाव बदलते.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हा या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप होय. महाराष्ट्रात केवळ वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला सामान्यतः वार्षिक चाळीस लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मात्र त्याने करपात्र मालाचे एक गाठोडे जरी उच्छलच्या दुकानदाराकडे पाठविले, तरी उलाढाल कितीही अल्प असो, कलम २४ अन्वये नोंदणी आणि तिच्यामागून विवरणपत्रे अनिवार्य होतात. नंदुरबारचा दुकानदार शंभर किलोमीटरहून दूरच्या नाशिकला माल पाठवून मोकळा राहतो. नवापूरचा दुकानदार शेजारच्या गावाला माल पाठवून बांधला जातो. सेवा देणाऱ्यांना या सक्तीतून ऑक्टोबर २०१७ मध्येच वीस लाखांपर्यंत सूट मिळाली. हस्तकलेच्या वस्तूंनाही तशी सवलत आहे. सामान्य वस्तूंच्या लहान विक्रेत्याला मात्र ती नाही.

संघराज्यात सीमा असणारच, आणि राज्यांची करसत्ता जपावयाची तर तिची नोंद कोठेतरी ठेवावीच लागेल, हे उत्तर तत्त्वतः मान्य करावे लागते. अनुच्छेद २७९क खालील परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश असते. निर्णयास तीन-चतुर्थांश लागते. म्हणजे सारी राज्ये एक झाली तरी केंद्रावाचून निर्णय होत नाही, आणि केंद्रालाही राज्यांवाचून तो करता येत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. तेव्हा हा कर ‘एक’ नसून सहमतीने चालणारा अनेकांचा कर आहे. यात वैगुण्य काहीच नाही. वैगुण्य आहे ते घोषवाक्यात.

कारण घोषवाक्य खरे मानले की सीमेवरील माणसाची अडचण दिसेनाशी होते. जी सीमा उरलीच नाही, तिचा त्रास कोणाला व्हावा? ‘एकात्मिक’ या पदाचा अर्थ नीट लावला तर हा प्रश्न पुन्हा विचारता येतो आणि त्याचे उत्तरही फार दूर नाही. सेवांना मिळालेली सूट लहान वस्तुविक्रेत्यांना, निदान सीमेलगतच्या तालुक्यांत, देणे परिषदेच्या अधिकारात बसण्याजोगे आहे. तोवर नवापूरच्या स्थानकातून जी रेषा प्रवासी नकळत ओलांडतो, ती तेथील दुकानदाराला प्रत्येक बिल लिहिताना ओलांडावी लागेल.