परतीचे तिकीट आणि दोन याद्या

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार परतीच्या तिकिटावर उभा असतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'चा (१९६०) निवेदक जातो तो परत येण्यासाठी. त्याच्या विनोदाला लागणारी निश्चिंतता तिथूनच येते. परत न येणाऱ्याच्या लेखनाला मात्र आपली समीक्षा हीच मोजपट्टी लावते आणि त्यावर 'स्मरणरंजना'चा शिक्का मारून मोकळी होते.

वस्तुतः या लेखनाची आदिसंहिता सीमेवरच लिहून घेतली जाते. कॅनडात कायम वास्तव्यासाठी प्रथमच उतरणाऱ्यास कस्टम्स अधिकाऱ्यापुढे दोन याद्या ठेवाव्या लागतात : बरोबर आणलेल्या वस्तूंची आणि मागाहून येणाऱ्या वस्तूंची, प्रत्येकीची डॉलरमधील किंमत लिहून. करसवलत सामान्यतः आधीपासून मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूलाच. सवलतीने आलेली वस्तू वर्षाच्या आत विकली, अगदी कुणाला देऊन टाकली, तरी कर द्यावा लागतो. (आपल्याकडील दानाच्या कल्पनेला या रकान्यात जागा नाही.)

आजीच्या समईपुढे आकडा लिहिणारा निवेदक स्मरणरंजन करीत नसतो. आपले पूर्वायुष्य तो एका परक्या वाचकासाठी पुराव्याच्या भाषेत मांडत असतो. हा वाचक अलंकार मागत नाही, पूर्णता मागतो. 'मागाहून' काय येणार हेही त्याला पहिल्याच दिवशी हवे असते. स्थलांतरितांच्या कथा-कवितांतील वस्तूंच्या ज्या याद्या आपण पाल्हाळ म्हणून बाजूस सारतो, त्या या दडपणाच्या संदर्भात वाचावयास हव्यात : काय नोंदले, काय मागे ठेवले आणि कशाची किंमत लिहिताच आली नाही.