शस्त्रस्पर्धा की ओळख? : भात आणि करपा

घाट चढून लोणावळ्याला आलो आणि कार्ला, कामशेत, वडगावकडे निघालो की भाताची खाचरं लागतात. त्यांतला बहुतेक भात इंद्रायणी. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेला हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. याच खाचरांत करप्याची बुरशीही राहते. पान तासन्‌तास ओलं राहिलं, युरिया जास्त पडला, की दोन्ही टोकांना निमुळते ठिपके दिसू लागतात.

या दोघांच्या नात्याला आपण सरसकट ‘शस्त्रस्पर्धा’ म्हणतो. डॉकिन्स आणि क्रेब्ज यांनी १९७९ मध्ये हे रूपक ठसवलं. एकाचा बदल हीच दुसऱ्याची परिस्थिती होते, हे त्यातून नेमकं कळतं. तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण आपला आक्षेप पुढे आहे.

शस्त्रस्पर्धेत शस्त्रं वाढत जातात. इथे तसंच होतं का? उत्तर डाकोटात हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्याचा तांबेरा, दोघांचीही आनुवंशिकता तपासली. झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला परजीवीत एक जोडीदार जनुक सापडलं. भात-करप्यातही असंच दिसतं. झाड बुरशीचं एखादं प्रथिन ओळखतं, आणि ओळख पटली की तिथल्या पेशी स्वतःच मरून तिची वाट अडवतात. मग बुरशी सुटते कशी? बघा, पुष्कळदा ती ते जनुक बदलते किंवा चक्क टाकून देते! म्हणजे शस्त्र वाढलं नाही, ओळखीची खूण गळाली.

दुसरा आक्षेप असा, की रूपकात दोनच पक्ष आहेत. वाण निवडणारा शेतकरी आणि तांदूळ निवडणारे आपण त्यात कुठेच नाही. रानात शेजारची दोन झाडं सहसा वेगळी असतात. खाचरात मात्र सगळी एकसारखी. त्यामुळे एकाला चकवलं की सगळ्यांना चकवलं.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. स्पर्धा मानली तर उत्तर एकच, आणखी बळकट वाण. प्रश्न ओळखीचा मानला तर उत्तर विविधतेकडे जातं. चीनमधल्या युनानमध्ये करप्याला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी दुसऱ्या वाणाच्या मधे लावल्या, तेव्हा त्या भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पण तिथे कापणी हाताने, वेगवेगळी होत होती, हेही सांगायला हवं.

मावळातल्या शेतकऱ्याला ‘विविधता जपा’ म्हणणं सोपं आहे. वेगळ्या कापणीची मजुरी कोण देणार? बाजारात इंद्रायणीच मागणारे आपण त्या खाचराच्या बाहेर नाही. रूपक बदलायचं तर आधी आपण स्वतःला त्यात मोजलं पाहिजे.