पट मांडणाऱ्यांची दुसरी आवड

बैठे खेळ तयार करणाऱ्यांच्या मुलाखती हा प्रकार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगलाच फोफावला आहे. या मुलाखतींची चाकोरी ठरून गेलेली असते. पहिला प्रश्न, कल्पना सुचते कशी? दुसरा, आधी विषय ठरतो की आधी नियम? आणि अगदी शेवटी, जागा उरली तर, आपले इतर छंद कोणते? अशा बऱ्याच मुलाखती वाचल्यावर आमचे मत असे झाले आहे की ही मांडणी उलटी आहे. पहिल्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा पोकळ असतात आणि शेवटच्या प्रश्नात सगळा ऐवज दडलेला असतो.

हा विषय शिक्षकांपुढे ठेवण्याचे कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर खेळण्यांतून अध्यापन हा शब्दप्रयोग शाळाशाळांत पोचला. २०२२ मध्ये एनसीईआरटीने त्यावर हस्तपुस्तिकाही काढली. हेतू उत्तमच आहे. पण त्यामागोमाग ‘शैक्षणिक खेळ’ या नावाखाली जे खोके शाळेत येऊ लागले त्यांतले बरेचसे पाहून वाईट वाटते. सापशिडीचा पट घ्यायचा, काही घरांवर प्रश्न छापायचे, उत्तर आले तर दोन घरे पुढे, चुकले तर दोन घरे मागे. झाली भूगोलाची सापशिडी! हाच पट इतिहासालाही चालतो आणि व्याकरणालाही. बिबवेवाडीत आम्ही काही शिक्षक महिन्यातून एका शनिवारी जमतो आणि वर्गात नेण्याजोगे खेळ आधी स्वतः खेळून पाहतो. तिथे आम्ही एक साधी कसोटी लावतो. खेळातून विषय काढून टाका आणि काय बिघडते ते पाहा. भूगोलाच्या सापशिडीतून भूगोल काढला तर काहीच बिघडत नाही. खेळ काढला तरी प्रश्नपत्रिका शाबूत राहते. म्हणजे दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्या आहेत, त्यांचा सांधा जुळलेला नाही.

मुळात सापशिडीत खेळणाऱ्याला काही ठरवायचेच नसते. फासा जे सांगेल ते करायचे. गणिती दृष्टीने मात्र हा पट रंजक आहे. सोंगटी ज्या घरात आहे त्यावरच पुढचे सारे अवलंबून असते, ती तिथवर कशी आली याचा काही संबंध नसतो. त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांना सारणी वापरून डाव किती चालेल हे काढता येते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ठरावीक शंभर घरांच्या पटावर एक खेळाडू एकटा खेळला तर सरासरी सुमारे ३९ वेळा फासा टाकावा लागतो, नशीब फळफळले तर सातच वेळा. हे गणित करताना विद्यार्थी जितके शिकेल तितके तो पट खेळताना शिकणार नाही.

आणि तरीही हाच पट मूळ रूपात अर्थपूर्ण होता. आपल्याकडच्या मोक्षपटाचा कर्ता म्हणून परंपरा ज्ञानेश्वरांचे नाव घेते. त्यांच्या काळातला पट काही हाती आलेला नाही, उपलब्ध पट काही शतकांनंतरचे आहेत. तेव्हा ते कर्तृत्व परंपरेचे म्हणूनच सांगावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी मोक्षपटाची हस्तलिखिते अभ्यासकांपुढे आणली. त्या पटावरच्या सापांना काम, क्रोध, लोभ अशी षड्रिपूंची नावे असत आणि शिड्यांना सत्संग, दया यांची. जुन्या भारतीय पटांवर बहुधा साप जास्त आणि शिड्या कमी असत. वर जाणे अवघड आणि घसरणे सोपे, हे सांगण्यासाठी प्रवचन लागत नव्हते. मोजणीच ते सांगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे आधी सद्गुण-दुर्गुणांची नावे बदलली, साप आणि शिड्यांची संख्या बरोबरीत आणली गेली आणि पुढे नावेही गळून पडली. चित्र तेच राहिले, म्हणणे पार बदलले. पटाचे म्हणणे त्याच्या नियमांत आणि आकड्यांत असते, चित्रात नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

याची दुसरी आणि जरा दुःखद बाजू एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात दिसते. मॅगी (१८६६–१९४८) लघुलेखिका होत्या. कथा-कविता लिहीत. त्यांची खरी ओढ मात्र हेन्री जॉर्ज यांच्या अर्थविचाराकडे होती. जमिनीच्या भाड्यावर काही न करता श्रीमंत होणारा वर्ग हेच दारिद्र्याचे मूळ, असा तो विचार. तो लोकांना पटावा म्हणून त्यांनी ‘जमीनदाराचा खेळ’ रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्या खेळाला नियमांचे दोन संच होते. एकात कुणाचीही मिळकत वाढली की सगळ्यांना लाभ. दुसऱ्यात एकाने सर्वांना धुळीस मिळवायचे. दोन्ही खेळून माणसे विचार करतील अशी त्यांची अपेक्षा. लोकांनी काय केले? दुसरा संच ठेवला, पहिला विसरले. १९३५ मध्ये त्याचीच एक सुधारलेली आवृत्ती ‘मोनॉपली’ या नावाने दुसऱ्याच गृहस्थाच्या नावावर बाजारात आली. मॅगीबाईंना पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले. मुंबई, पुणे, कलकत्ता विकत घेत आपण सुट्टीत खेळत आलो तो ‘व्यापार’ त्याच घराण्यातला.

मॅगीबाईंचा हेतू प्रामाणिक होता, रचना उत्तम होती, तरी खेळ उलटेच शिकवून गेला. ‘या खेळातून मुलांना सहकार्याचे मूल्य कळेल’ असे खोक्यावर छापणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

आता मुलाखतींकडे येऊ. क्लाउस टॉयबर (१९५२–२०२३) हे जर्मनीतले. व्यवसाय दातांच्या प्रयोगशाळेचा. कामाचा वैताग विसरण्यासाठी ते तळघरात बसून खेळ रचत आणि घरच्या मंडळींवर त्यांची चाचणी घेत. नावाडी जमातींनी आइसलंडमध्ये केलेल्या वसाहतीची त्यांना ओढ होती. त्यातून १९९५ साली ‘कटान’ आला. तो जगभर गेला तरी आणखी काही वर्षे त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. मुलाखतकार या गोष्टीत तळघर, कुटुंब आणि प्रेरणा एवढेच रंगवतात. आमचे लक्ष वेधते ते पटावरच्या आकड्यांच्या चकत्यांनी. कटानमध्ये दोन फासे टाकतात. बेरीज येईल त्या आकड्याची जमीन पीक देते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे येतात, २ आणि १२ एकेकाच प्रकारे. प्रत्येक चकतीवर त्या आकड्याखाली तितकेच ठिपके छापलेले असतात. ७ सर्वांत जास्त वेळा, सहा प्रकारे येतो, म्हणून त्याला जमीनच नाही, त्यावर चोर हलतो. नववीतला मुलगा इथे संभाव्यता शिकत नाही, वापरतो. आपले पहिले घर कुठे बांधावे हे ठरवताना त्याला ठिपक्यांची बेरीज करावीच लागते. इथे आमची कसोटी लावा. संभाव्यता काढली तर खेळच उरत नाही.

राइनर क्निझिया यांची गोष्ट वेगळी. ते गणितातले डॉक्टरेट, काही काळ बँकेच्या क्षेत्रात होते. १९९७ पासून पूर्ण वेळ खेळच रचतात आणि त्यांच्या प्रसिद्ध खेळांची संख्या सहाशेच्या वर गेली आहे. त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यांचे विषय वरून चिकटवलेले असतात. हा आक्षेप आम्हांला बव्हंशी मान्य आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या नावाचा त्यांचा १९९७ चा खेळ खेळून मेसोपोटेमियाबद्दल काडीचेही ज्ञान होत नाही. पण त्यात एक नियम असा आहे की त्यासाठी बाकी सगळे माफ करावे. चार रंगांत गुण मिळवायचे, आणि शेवटी ज्या रंगात सर्वांत कमी गुण तेच तुमचे गुण. बेरीज नाही, सरासरी नाही. एका रंगात वीस आणि एकात दोन असतील तर तुम्ही दोनवर. आपल्या गुणपत्रिका बेरजेवर चालतात. त्या जर सर्वांत कच्च्या विषयावर चालल्या तर मुले काय करतील, शिक्षक काय करतील, आणि ते न्याय्य ठरेल का? एका तासिकेला पुरून उरेल असा हा वाद आहे, आणि तो एका ओळीच्या नियमाने पेटतो.

एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचे ‘विंगस्पॅन’ २०१९ चे. त्या आरोग्य-धोरणाच्या विश्लेषक, आणि छंद पक्षिनिरीक्षणाचा. किल्ल्यांसारख्या विषयांच्या खेळांत आपल्याला रस वाटत नाही म्हणून त्यांनी आपल्या आवडीचा खेळ रचला. मूळ संचात १७० पक्ष्यांची पाने आहेत. प्रत्येकावर अधिवास, खाद्य, घरट्याचा प्रकार आणि पंखांचा पसारा सेंटिमीटरमध्ये. या साऱ्या नोंदी आधी तक्त्यात भरून मग खेळ घडला. नोकरीतली सवय आणि छंद असे एकत्र आले. शिकारी पक्ष्याचे पान खेळले की गठ्ठ्यातून एक पान उलटायचे. त्या पक्ष्याचा पसारा ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तो भक्ष्य. सुंदर कल्पना आहे. पण टीका करायचीच तर इथेही जागा आहे. शिकारी आपल्याच रानातल्या पक्ष्याला कधी खात नाही. रानात पक्षी शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांवर अवलंबून नसतात. नोंदी खऱ्या, संबंध मात्र खेळापुरते. जीवशास्त्राच्या शिक्षकाने तळजाईच्या टेकडीवर मुलांना नेण्याआधी हा खेळ जरूर खेळवावा, फक्त अन्नजाळे शिकवले असे समजू नये.

आपल्याकडे मुंबईच्या झैन मेमन यांनी निवडणुकीवरचा ‘शासन’ हा खेळ रचला. त्यात धोरणविषयक प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल त्यावर पैसा, प्रसिद्धी, दबदबा की विश्वास यांतले काय मिळणार हे ठरते. उत्तर बरोबर-चूक नसते, त्याची किंमत असते. नागरिकशास्त्राच्या प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

या मुलाखतींवर आमचा मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. मुलाखत यशस्वी माणसाचीच होते. दातांची कामे करता करता तळघरात खेळ रचणारे आणि ते कुणीच न घेतलेले कितीतरी जण असतील. त्यांनाही छंद असतील, त्यांचीही कुटुंबे रविवारी खेळली असतील. तेव्हा छंद होता म्हणून प्रतिभा आली, असा निष्कर्ष या मुलाखतींवरून काढणे म्हणजे परीक्षेत पहिल्या आलेल्यालाच विचारून अभ्यासाची पद्धत सिद्ध करणे होय. सांगता येते ते एवढेच की खेळातला जो भाग चांगला निघाला त्याचे धागे बहुधा त्या दुसऱ्या आवडीत सापडतात, आणि हे मुलाखतीवर विसंबून न राहता पटावर बोट ठेवून दाखवता येते.

आल्फ्रेड बट्स यांचेच पाहा. हे वास्तुविशारद १९३० च्या मंदीत बेकार झाले. त्यांनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची इंग्रजी अक्षरे मोजली आणि त्या वारंवारतेवरून चकत्यांची संख्या आणि गुण ठरवले. तोच पुढे १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ झाला. मराठीत असा खेळ करायचा तर काय मोजायचे? येथे खरी गंमत आहे. प्रत्येक चकतीवर काना-मात्रेसह पूर्ण अक्षर द्यायचे तर नुसत्या बाराखड्यांचीच चारशेच्या आसपास अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. फक्त व्यंजन द्यायचे आणि मात्रा मोकळी सोडायची तर प आणि ल या दोन चकत्यांत पाल, पूल, पाला, पेला सगळेच बसतात आणि खेळात अडचणच उरत नाही. मात्रांच्या वेगळ्या चकत्या कराव्यात तर त्या किती? सातवीच्या मुलांना एकेक स्तंभ वाटून दिला की मोजणी एका तासात होते. भाषेचा तास आणि गणिताचा तास इतक्या सहज क्वचितच एकत्र येतात.

अशाच एका प्रयत्नात गेल्या वर्षी अप्पर इंदिरानगर भागातल्या काही मुलांनी आमच्यापुढे स्वतः रचलेला खेळ मांडला. पट म्हणजे जुन्या दिनदर्शिकेची मागची बाजू. विषय मार्केट यार्ड, कारण निम्म्या मुलांच्या घरचे कुणी ना कुणी तिथे कामाला. कांदा, बटाटा, टोमॅटो आणि कोथिंबीर यांच्या चिठ्ठ्या, लिलावाने खरेदी, आणि फाशावर भाव. एवढे आम्हीही सुचवले असते. पण टोमॅटो दोन फेऱ्यांत विकला नाही तर चिठ्ठी फाडायची, कोथिंबीर त्याच फेरीत विकायची आणि कांदा मात्र कितीही साठवता येतो, हा नियम त्यांचा. त्यामुळे कोथिंबीर घेणारा नेहमी घाईत आणि कांदेवाला ऐटीत. विषय काढून पाहिला तर खेळ कोसळला. मालाचे टिकणे हाच त्याचा कणा होता.

पहिल्या चाचणीत कांद्यानेच प्रत्येक डाव जिंकला. मग मुलांनी साठवणुकीला दर फेरीला भाडे लावले. त्याने डाव बराच समतोल झाला. त्यानंतर एका मुलीने विचारले की माल उचलणाऱ्याचे पैसे कुठे आहेत. भाव पडला तरी हमाली तेवढीच द्यावी लागते, हे तिला घरून ठाऊक होते. हमाली प्रत्येक पोत्यामागे ठेवली तर बटाटा कुणी घेतच नाही आणि प्रत्येक सौद्यामागे ठेवली तर कोथिंबीर मरते. दोन्ही प्रकारे दहा-दहा डाव खेळून नोंदी ठेवायच्या असे ठरले आहे. पोत्यामागचे सहा डाव झाले आहेत.