वाचणारे यंत्र आणि कांदेबाग

वाचून माणूस शहाणा होतो, मग संगणक का होऊ नये? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली ‘नेल’ ही प्रणाली याच प्रश्नातून चालू केली. इंटरनेटवरील इंग्रजी मजकूर ती अखंड वाचत असे. शहर, फळ, कंपनी अशा प्रत्येक वर्गाची 10-15 उदाहरणे तिला आधी दिलेली होती. ‘अमुकचे महापौर’ अशी रचना वारंवार आढळली, की ‘अमुक’ हे शहर असे ती ठरवी आणि त्या नव्या शहरावरून पुन्हा नव्या रचना शोधी.

कल्पना सुंदर, आता निकाल पाहू. 67 दिवसांत तिने 2,42,000 हून अधिक विधाने जमवली. त्यांपैकी अंदाजे 74 टक्के बरोबर होती. पण ही झाली सरासरी. वाचनाच्या फेऱ्यांचे तीन भाग केले, तर नव्या विधानांची अचूकता 90 वरून 71 आणि शेवटी 57 टक्क्यांवर उतरलेली दिसते. सोपी विधाने आधी सापडतात, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. एक चूक खरी मानली, की तिच्यावरून पुढच्या चुका शिकल्या जातात. संगणकातील ‘कुकी’ला नेलने भट्टीतल्या खाद्यपदार्थांत बसवले, आणि मग इतर फाइलीही त्याच पंगतीत आल्या. अखेर माणसांना अधूनमधून चुका निवडून काढाव्या लागल्या.

हीच रीत मराठीला लावू. जळगावजवळचे नशिराबाद घ्या. नाव कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ लिहिले जाते. शिवाय राजस्थानात अजमेरजवळ नसीराबाद आहेच. गावे किती, हे यंत्राने कसे ठरवावे? किंवा ‘कांदेबाग’ हा शब्द पाहा. खानदेशात पावसाळा सरताना लावलेल्या केळीला कांदेबाग म्हणतात. जून-जुलैमधली ती मृगबाग. नुसत्या शब्दावर विसंबणारे यंत्र तेथे कांदे पिकवील! हजार वाक्ये वाचायला मिळाली, तर ‘घड’, ‘खोड’ हे शेजारचे शब्द चूक सुधारतील. दोन-चारच मिळाली, तर कोण सुधारणार?

आजची भाषिक प्रारूपे वेगळ्या पद्धतीने शिकतात, पण मजकूर त्यांनाही लागतोच. पुण्याच्या एल थ्री क्यूब या गटाने 2022 मध्ये ‘महाकॉर्पस’द्वारे मराठीची 2.48 कोटी वाक्ये उपलब्ध केली. हे काम मोलाचे आहे. मात्र त्यातील मोठा भाग बातम्यांचा आहे. बातमीत केळीचा भाव येतो. कंद कसा निवडावा, हे क्वचितच येते. म्हणून आमचा आक्षेप यंत्राच्या बुद्धीपेक्षा त्याच्या वाचनालयावर अधिक आहे.

ते वाचनालय भरणे शाळांच्या हाती आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील शेतीचे शब्द, त्यांचे अर्थ, आणि ते कोणत्या गावी व केव्हा ऐकले, हे नोंदवावे. दोन शेतकऱ्यांचे म्हणणे जुळले नाही, तर दोन्ही लिहावे. एकच मजकूर दहा ठिकाणी उतरवला, की यंत्राला दहा साक्षीदार भेटल्यासारखे वाटते. स्वतः विचारून लिहिलेली एक नोंद मात्र खरोखरच एक साक्ष असते.